मतदारसंघाची पुनर्रचना आणि महापालिकेची प्रभाग रचना

महापालिकेची प्रारूप प्रभाग रचना प्रसिद्ध झाली, की ‘निवडणूक आयोगाने आमचा वॉर्ड फोडला’ ही तक्रार सोलापुरात हमखास ऐकू येते. त्यातला आयोग नेमका कोणता, हे मात्र क्वचितच कोणी विचारते. आमदार-खासदारांच्या मतदारसंघांच्या सीमा आखणारी संस्था निराळी आणि नगरसेवकांच्या प्रभागांची आखणी करणारी यंत्रणा निराळी; त्यांना मिळालेले स्वातंत्र्यही सारखे नाही.

लोकसभा-विधानसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेसाठी संसदेच्या कायद्याने परिसीमन आयोग नेमला जातो. असे देशव्यापी आयोग 1952, 1963, 1973 आणि 2002 मध्ये नेमले गेले. शेवटच्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते आणि मुख्य निवडणूक आयुक्त किंवा त्यांनी नेमलेले आयुक्त व त्या त्या राज्याचे निवडणूक आयुक्त हे सदस्य होते. प्रत्येक राज्यातून पाच खासदार आणि पाच आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसत. पण त्यांना ना मताचा अधिकार होता, ना निर्णयावर सही करण्याचा. आयोगाचा आदेश राजपत्रात आला, की त्याला कायद्याचे बळ मिळते. तो संसदेपुढे आणि विधानसभेपुढे ठेवला जातो खरा, परंतु त्यातला स्वल्पविरामही सभागृहाला बदलता येत नाही.

हा अधिकार किती खोलवर जातो, ते सोलापूर जिल्ह्याने 2008 च्या पुनर्रचनेत पाहिले. अनुसूचित जातींसाठी राखीव असलेला पंढरपूर लोकसभा मतदारसंघ नकाशावरून गेला, माढा हा नवा मतदारसंघ आला आणि त्यात साताऱ्याचे फलटण व माण हे भाग जोडले गेले. बार्शी उस्मानाबादच्या, म्हणजे आजच्या धाराशिवच्या, लोकसभा मतदारसंघात आहे. आणि तोवर खुला असलेला सोलापूर मतदारसंघ राखीव झाला. ही आखणी 2001 च्या जनगणनेवर झाली. राज्याच्या एकूण जागा मात्र 1971 च्या लोकसंख्येनुसार गोठवलेल्या असल्याने लोकसभेच्या 48 आणि विधानसभेच्या 288 जागांना धक्का लागला नाही.

प्रभाग रचनेत असा निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग नसतो. नगरसेवकांची संख्या कायद्याने ठरते, एका प्रभागात किती सदस्य हे राज्य शासन ठरवते, प्रारूप आराखडा महापालिका आयुक्तांच्या कार्यालयात तयार होतो, त्यावर हरकती व सूचना मागवून सुनावणी होते आणि राज्य निवडणूक आयोगाची भूमिका प्रामुख्याने मान्यता देण्याची उरते. मार्च 2022 मधील कायदादुरुस्तीने तर आखणीचे अधिकार आयोगाकडून शासनाकडेच घेण्यात आले. माझ्या मते खरी दुखरी जागा हीच आहे, कारण सरकार बदलले की प्रभागाचे गणितही बदलते: 2012 मध्ये दोन सदस्यांचे प्रभाग होते, 2017 मध्ये चारांचे झाले, तर 2022 साली केलेली तीन सदस्यांची आखणी निवडणुकीआधीच मोडीत निघाली.

तरीही प्रभागाची रेघ मनाला येईल तशी ओढता येत नाही. जनगणनेचा प्रगणक गट, म्हणजे एका प्रगणकाला मोजणीसाठी नेमून दिलेला घरांचा समूह, शक्यतो फोडायचा नाही, आखणी उत्तरेकडून सुरू करून दक्षिणेत संपवायची आणि लोकसंख्येचा फरक सरासरीच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवायचा, असे दंडक आहेत. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या 9,51,558 होती. 2017 मध्ये 102 नगरसेवक 26 प्रभागांतून निवडले गेले, म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागात साधारण 37 हजार लोक येतात.

आरक्षणाचेही तसेच. विधानसभेची राखीव जागा पुढच्या पुनर्रचनेपर्यंत, म्हणजे कित्येकदा दशकानुदशके, तशीच राहते. महापालिकेत मात्र दर निवडणुकीला सोडत निघते आणि गेल्या वेळचा नगरसेवक चिठ्ठी उघडेपर्यंत अस्वस्थ असतो.

गोंधळाचे आणखी एक कारण मतदार यादीत आहे. शहर उत्तर आणि शहर मध्य यांच्याबरोबरच शहराच्या हद्दीत दक्षिण सोलापूर मतदारसंघाचाही भाग येतो. जुळे सोलापूरचा रहिवासी महापालिकेला कर भरतो, पण त्याचा आमदार दक्षिण सोलापूरचा असतो. महापालिकेची यादी विधानसभेच्या याद्या प्रभागांनुसार विभागून तयार होते. त्यामुळे ज्याचे नाव शेजारच्या प्रभागात गेले आहे, त्याची तक्रार बहुधा सीमेबद्दल नसून या विभागणीबद्दल असते आणि ती प्रारूप प्रभाग रचनेच्या सुनावणीत नव्हे, तर प्रारूप मतदार यादीवरील हरकतींच्या मुदतीतच नोंदवावी लागते.