एफए कप की लीग कप? आधी कुणावर चिडायचं ते ठरवा

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि प्रॅक्टिस या क्लबांची मॅच लागली की तारीख अख्ख्या गावाला तोंडपाठ असते. ती पुढं ढकलली तर शिव्या कुणाला घालायच्या हेही पक्कं असतं. मैदान एक, केएसए (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) एक, बंदोबस्ताला पोलीसही तेच. इंग्लंडच्या फुटबॉलवर बोलताना मात्र आपल्याकडं हमखास गल्लत होते. रात्री दीड वाजता डोळे चोळत मॅच बघायची आणि सकाळी कट्ट्यावर म्हणायचं, "एफएवाल्यांना अक्कल हाय की न्हाई? बुधवारी एवढ्या रात्री कोण मॅच ठेवतं?" ती मॅच असते लीग कपची, आणि ती तारीख एफएनं, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉलच्या शिखर संघटनेनं, ठरवलेलीच नसते. उलट एप्रिलमध्ये लिव्हरपूलची पब्लिक लंडनच्या वेम्बली स्टेडियमच्या नावानं बोंब मारत असते तेव्हा दुसरा दोस्त म्हणतो, "कॅराबाओ कप हाय, सोड की भावा." तो नेमका एफए कप असतो.

गल्लत व्हायला कारणंही आहेत. दोन्ही स्पर्धा बाद पद्धतीच्या, दोन्हींत प्रीमियर लीगचे तेच वीस क्लब, दोन्हींची फायनल वेम्बलीवर. त्यात लीग कपचं नाव प्रायोजकाप्रमाणं बदलत आलंय. कधी मिल्क कप, कधी कोका-कोला, मग वर्दिंग्टन, कार्लिंग, कॅपिटल वन आणि २०१७ पासून थायलंडच्या एका एनर्जी ड्रिंकचा कॅराबाओ. शाळेत असताना कार्लिंग कप बघितलेल्या माणसाला कॅराबाओ ही तिसरीच कुठली तरी स्पर्धा वाटली तर त्याचा दोष नाही.

पण चाहत्यांचा राग बघितला तर हे दोन कप दोन टोकांना आहेत. एफए कपमधलं मोठं भांडण जागेचं असतं, लीग कपमधलं तारखेचं. दोन्हीकडं अपवाद आहेत, ते पुढं येतीलच.

एफए कप सुरू झाला १८७१-७२ मध्ये. पहिली फायनल १६ मार्च १८७२ ला लंडनच्या ओव्हलवर झाली, हो, क्रिकेटच्याच ओव्हलवर, आणि वाँडरर्सनं रॉयल इंजिनिअर्सला १-० नं हरवलं. ही स्पर्धा चालवते एफए. सातशेच्या वर क्लब भाग घेतात. त्यांत नोकरी करून संध्याकाळी सराव करणाऱ्यांचे संघही असतात. प्रीमियर लीगचे क्लब थेट जानेवारीत, तिसऱ्या फेरीला उतरतात आणि फायनल होते मे महिन्यात.

लीग कप त्यामानानं पोरगाच. तो १९६०-६१ चा. चालवते ईएफएल, म्हणजे प्रीमियर लीगच्या खालच्या तीन विभागांची संघटना. तिचे ७२ क्लब आणि वरचे २०, असे मोजून ९२. ऑगस्टमध्ये सुरू, फेब्रुवारी-मार्चमध्ये फायनल. तो काळ मैदानांवर दिव्यांचे खांब उभे राहण्याचा होता. आठवड्याच्या मधल्या वारी रात्री दिव्यांखाली सामने खेळवता येतील आणि गेटवर चार पैसे जास्त मिळतील, हा हिशोब या स्पर्धेमागं होता. म्हणजे मंगळवार-बुधवारची रात्र ही लीग कपची चूक नव्हे, त्याचा जन्मच त्यासाठी झालाय.

आता जागेचं भांडण. हे कोल्हापूरच्या माणसाला चटकन कळत नाही, कारण आपल्याकडं 'होम' आणि 'अवे' ही भानगडच नाही. दिलबहार असो, बालगोपाल असो, खंडोबा असो की फुलेवाडी, सगळे शाहू स्टेडियमवरच खेळतात. घरातून जेवून निघायचं आणि चालत मैदानात पोचायचं. त्यामुळं 'सेमीफायनल मोठ्या मैदानावर झाली तर बिघडलं काय?' असा प्रश्न इथं सहज पडतो.

बिघडतं ते असं. २००८ पासून एफए कपच्या दोन्ही सेमीफायनल वेम्बलीवरच होतात. त्याआधी सामान्यतः दोन्ही क्लबांना मध्ये पडेल असं तटस्थ मैदान निवडलं जायचं. बर्मिंगहॅमचं व्हिला पार्क, मँचेस्टरचं ओल्ड ट्रॅफर्ड, शेफील्डचं हिल्सबरो अशी. २०२२ मध्ये सेमीत मँचेस्टर सिटी आणि लिव्हरपूल समोरासमोर आले. या दोन शहरांत अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, म्हणजे आपलं कोल्हापूर-सांगलीच. सामना मात्र तीनशेवर किलोमीटर लांब लंडनला. तारीख १६ एप्रिल, ईस्टरचा शनिवार. आणि त्याच सुट्टीत रुळांच्या कामासाठी दोन्ही शहरांतून लंडनच्या युस्टन स्टेशनला जाणाऱ्या थेट गाड्या बंद. पाटाकडील-प्रॅक्टिसची सेमी मुंबईला ठेवायची आणि नेमकी त्याच दिवशी महालक्ष्मी एक्स्प्रेस रद्द करायची, असला हा प्रकार.

मँचेस्टर आणि लिव्हरपूल भागांचे महापौर, अँडी बर्नहॅम आणि स्टीव्ह रॉदरम, यांनी मिळून एफएला पत्र लिहिलं. सामना दुसरीकडं हलवा म्हणाले. एकमेकांचं तोंड न बघणारी ही दोन शहरं एका कागदावर सह्या करतात, एवढ्यावरूनच प्रकरण किती तापलं होतं ते समजा. एफएनं सामना हलवला नाही, शंभर बस दिल्या. फुकट, पाच हजार लोकांची सोय होईल एवढ्या. वेम्बलीत खुर्च्या नव्वद हजार. लिव्हरपूल ३-२ जिंकलं हे सगळ्यांना आठवतं, बसचं कुणाला आठवत नाही.

एफएची बाजू अगदीच पोकळ आहे असं नाही. नवं वेम्बली २००७ मध्ये उघडलं, त्याला ऐंशी कोटी पौंडांच्या आसपास खर्च आला आणि तो वसूल करायचा तर मोठे सामने तिथंच व्हायला हवेत. शिवाय क्लब वेम्बली नावाची महागडी सदस्यत्वं अनेक वर्षांसाठी विकली जातात आणि त्यात एफए कपच्या सेमीफायनलही धरलेल्या असतात. म्हणजे सेमीला कोणते संघ येणार हे ठरायच्या कितीतरी आधी मधल्या मऊ खुर्च्यांचे पैसे जमा झालेले असतात.

या भांडणातली खरी गंमत मात्र १९९३ ची. तेव्हा सेमीफायनलला वेम्बली हा अपवाद होता. १९९१ मध्ये आर्सेनल-टॉटनहॅम ही लंडनमधलीच जोडी आली म्हणून पहिल्यांदा सेमी तिथं झाली. दोन वर्षांनी पुन्हा तीच जोडी आली, पुन्हा वेम्बली. दुसरी सेमी होती शेफील्ड वेन्सडे विरुद्ध शेफील्ड युनायटेड, आणि ती ठेवली होती लीड्सच्या एलंड रोडवर, शेफील्डपासून तासाभराच्या वाटेवर. शेफील्डकर भडकले. लंडनवाल्यांना वेम्बली आणि आम्हाला लीड्स? एवढी ओरड झाली की एफएला सामना वेम्बलीला न्यावा लागला. लांब नेलं म्हणून चिडणारे आणि लांब नेलं नाही म्हणून चिडणारे, दोघंही चाहतेच. पण दोन्ही वेळा खटकलं ते एकच, आपल्याला कुणी विचारलं नाही.

एफए कपमधलं जागेचं आणखी एक दुखणं आहे ते रिप्लेचं. पूर्वी बरोबरी झाली की सामना पुन्हा, यावेळी दुसऱ्या संघाच्या मैदानावर. २०२४-२५ पासून पहिल्या फेरीपासूनचे सगळे रिप्ले बंद झाले. मोठ्या क्लबांची सोय झाली, कारण वेळापत्रकात श्वास घ्यायला जागा नव्हती. लहान क्लबांचं काय गेलं ते एक्सेटर सिटीला विचारा. जानेवारी २००५ मध्ये पाचव्या पातळीवरच्या या क्लबनं ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडला ०-० वर रोखलं. रिप्ले घरच्या मैदानावर, टीव्हीवर. हरले २-० नं, पण कर्जात बुडालेला हा चाहत्यांच्या मालकीचा क्लब त्या दोन सामन्यांच्या पैशावर सावरला. आता जानेवारी २०२५ बघा. तसाच पाचव्या पातळीवरचा टॅमवर्थ आपल्या छोट्या मैदानावर टॉटनहॅमला नव्वद मिनिटं ०-० वर रोखून धरतो. जुन्या नियमानं दुसरा सामना टॉटनहॅमच्या साठ हजारांहून मोठ्या स्टेडियममध्ये झाला असता आणि गेटचा वाटा मिळाला असता. नव्या नियमानं लगेच जादा वेळ, तीन गोल, ०-३, गाशा गुंडाळा.

लीग कपात जागेचं हे दुखणं जवळजवळ नाही. तिथली सेमीफायनल दोन लेगची असते, एक सामना यांच्या घरी, एक त्यांच्या. २०२५ मध्ये न्यूकॅसलनं जानेवारीत आर्सेनलला त्यांच्याच मैदानात २-० नं हरवलं आणि फेब्रुवारीत सेंट जेम्स पार्कवर पुन्हा २-०. ज्या गावानं १९५५ नंतर इंग्लंडमधला एकही मोठा चषक बघितला नव्हता, त्या गावानं फायनलचं तिकीट स्वतःच्या मैदानावर, स्वतःच्या लोकांसमोर काढलं. मार्चमध्ये लिव्हरपूलला २-१ नं हरवून कपही नेला. माझं मत विचाराल तर चाहत्याला मान देण्यात हा 'दुय्यम' कप थोरल्यापेक्षा सरस आहे, निदान सेमीफायनलपुरता तरी. तिकिटांत मात्र थोरला उदार: पाहुण्या संघाच्या चाहत्यांना एफए कपात मैदानाच्या १५ टक्क्यांपर्यंत जागा मागता येते, लीग कपात १० टक्के.

लीग कपाची बोंब तारखेची. न्यूकॅसलहून लंडन साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. मंगळवारी रात्री आठची मॅच म्हणजे अर्ध्या दिवसाची रजा, आणि शिट्टी वाजेपर्यंत परतीची शेवटची गाडी बहुधा गेलेली. पहाटे घरी, सकाळी कामावर. आपण रात्री दीडला जागतो ते निदान अंथरुणात पडून.

ईएफएलच्या हातात तरी किती आहे? शनिवार-रविवार प्रीमियर लीगचा. मधले वार युएफाचे, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचे, आणि २०२४-२५ पासून चॅम्पियन्स लीगच्या पहिल्या टप्प्यात सहाऐवजी आठ सामने झाल्यावर ते आणखी आकसले. उरेल त्या फटीत लीग कप कोंबायचा. सेमीच्या आधीच्या फेऱ्यांत तर २०१८-१९ मध्येच जादा वेळही काढून टाकला होता, नव्वद मिनिटांनंतर थेट पेनल्टी. २०१९ मध्ये ही फटसुद्धा उरली नाही. १७ डिसेंबरला लिव्हरपूलची क्वार्टर फायनल ॲस्टन व्हिलाशी बर्मिंगहॅमला, आणि १८ डिसेंबरला क्लब वर्ल्ड कपची सेमीफायनल कतारला. लिव्हरपूलचे तेव्हाचे प्रशिक्षक क्लॉप पहिला संघ घेऊन दोह्यात बसले होते, इकडं पोरांच्या संघाचे प्रशिक्षक नील क्रिचली तो संघ घेऊन उतरले. सरासरी वय विशीच्या आत, व्हिलाकडून ५-० नं हार.

आता अपवाद, आणि इथंच कट्ट्यावरचे भलेभले घसरतात. दीडच महिन्यानं, ४ फेब्रुवारी २०२० ला, पुन्हा क्रिचली, पुन्हा पोरं, पुन्हा क्लॉप गैरहजर. पण यावेळी स्पर्धा एफए कप, समोर श्रूजबरी, आणि भांडण हिवाळी सुट्टीचं. प्रीमियर लीगनं क्लबांना सुट्टी पाळायला सांगितलेली, आणि एफएचा रिप्ले नेमका त्याच सुट्टीत. लिव्हरपूल १-० नं जिंकलं. या दोन गोष्टी आपल्याकडं एकच म्हणून सांगितल्या जातात. खरं तर पहिलीत ईएफएलला दुसरी तारीखच सापडत नव्हती, दुसरीत रिप्लेचा नियम एफएचा स्वतःचाच होता.

लीग कपच्या सगळ्याच तारखांना मात्र नाइलाज म्हणता येणार नाही. २०१७ मध्ये तिसऱ्या फेरीचा ड्रॉ प्रायोजकाच्या सोयीनं बीजिंगमध्ये काढला, इंग्लंडच्या घड्याळात पहाटे सव्वाचार वाजता. आपल्याकडं सकाळचे पावणेनऊ. म्हणजे आपल्या संघाची गाठ कुणाशी पडली हे इचलकरंजीच्या पोराला चहा पिताना कळलं आणि बर्नलीचा म्हातारा झोपेत होता.

टीव्हीच्या वेळेबाबत आपणही धुतल्या तांदळाचे नाही. जानेवारीत संध्याकाळी सहाला निवांत मॅच लागते तेव्हा तिकडं दुपारचे साडेबारा असतात, आणि पाहुण्या संघाच्या माणसानं त्यासाठी अंधारातच घर सोडलेलं असतं. दोन्ही कपांत वेळ ठरवताना टीव्हीचा शब्द मोठा, त्याखालोखाल पोलिसांचा. चाहत्याला कळतं ते सगळ्यात शेवटी, बऱ्याचदा गाडीचं तिकीट काढून झाल्यावर.

तेव्हा पुढच्या वेळी मधल्या वारी रात्रीचा सामना बघून डोकं फिरलं तर आधी स्पर्धा बघा. लीग कप असेल तर ईएफएलला चार शिव्या देऊन फार उपयोग नाही, कॅलेंडर तिच्या हातात नाही. एफए कपची सेमी असेल तर जरूर द्या, कारण मैदान एफएचं आणि निर्णयही एफएचाच. शेफील्डसाठी १९९३ मध्ये सामना हलवता आला होता. २०२२ मध्ये हलला नाही, कारण मधल्या काळात वेम्बलीच्या त्या मऊ खुर्च्या विकल्या गेल्या होत्या.