पार्श्वभूमी : हवापालटापासून आयजीईपर्यंत, डेन्व्हरच्या ‘नॅशनल ज्युईश’ची वाटचाल

अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात १८९३ साली गरीब क्षयरोग्यांसाठी एक रुग्णालय बांधून तयार झालं. भिंती उभ्या राहिल्या, छप्पर चढलं, आणि मग दाराला जे कुलूप लागलं ते सहा वर्षं निघालं नाही. रस्त्यावर खोकणारी माणसं होती आणि आत खोल्या रिकाम्या होत्या. आज ‘नॅशनल ज्युईश हेल्थ’ म्हणून ओळखली जाणारी संस्था ती हीच. श्वसनविकारांसाठी अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या क्रमवारीत ती अनेक वर्षं पहिली राहिली. तिच्या कौतुकाच्या बातम्या येतात तेव्हा उपचार, संशोधन आणि देणग्या अशा तीन रकान्यांत तिची प्रगती मांडली जाते. पण इतिहास पाहिला तर हे रकाने वेगळे काढताच येत नाहीत.

आधी डेन्व्हरच का, ते पाहू. रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, पण जंतू सापडला म्हणून औषध सापडलं नाही. त्याला आणखी साठेक वर्षं लागली. तोवर डॉक्टरांकडे सांगण्यासारखं एकच होतं : हवापालट करा. आपल्याकडे पाचगणीचं बेल-एअर किंवा मिरजेजवळची वानलेसवाडी ही नावं जुन्या माणसांच्या तोंडी आहेत ती याच काळामुळे. अमेरिकेत हा मान कोलोराडोला मिळाला. डेन्व्हरची उंची सुमारे १,६०० मीटर, हवा कोरडी, ऊन भरपूर. रेल्वे झाल्यावर तर देशभरातले क्षयरोगी तिकडे लोटले. ज्यांच्याकडे पैसा होता ते हॉटेलांत उतरले. बाकीच्यांचा पैसा तिकिटातच संपलेला असायचा. खोकल्याची उबळ ऐकली की घरमालक दार लावून घ्यायचे. फूटपाथवर रक्ताची गुळणी टाकून कोसळणारी माणसं त्या शहराने रोज पाहिली आणि बहुतेकांनी बाजूने वाट काढली.

फ्रान्सिस विसबार्ट जेकब्ज यांनी तशी वाट काढली नाही. केंटकीत जन्मलेल्या आणि लग्नानंतर १८६३ मध्ये कोलोराडोत आलेल्या या बाई साबण, कोळसा, कपडे घेऊन गरिबांच्या घरी जायच्या. १८८७ मध्ये डेन्व्हरमधल्या धर्मगुरूंबरोबर त्यांनी शहरातल्या सेवासंस्थांसाठी एकत्र निधी गोळा करायची पद्धत सुरू केली. पुढे ‘युनायटेड वे’ या नावाने देशभर पसरलेल्या कामाचं मूळ तिथे सांगितलं जातं. म्हणजे रुग्णालयाची पहिली वीट बसण्याआधी त्या निधी उभारायचं शास्त्र शिकल्या होत्या. क्षयरोग्यांना हक्काचं छप्पर हवं, हा आग्रह त्यांनी समाजापुढे इतका लावून धरला की शहरातल्या ज्यू समाजाने आणि रब्बी विल्यम फ्रीडमन यांनी ते काम अंगावर घेतलं. ऑक्टोबर १८९२ मध्ये कोनशिला बसली. पुढच्याच महिन्यात जेकब्ज वारल्या. वय ४९. आपलं रुग्णालय त्यांनी उघडलेलं पाहिलं नाही, आणि पुढची सहा वर्षं ते कुणीच पाहिलं नाही.

या कुलपाचा एक धागा थेट मुंबईत येतो, आणि तो समजला तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. कोलोराडोची बरीचशी श्रीमंती चांदीच्या खाणींची होती. चांदीचा एक मोठा गिऱ्हाईक म्हणजे हिंदुस्थान, कारण आपला रुपया चांदीचा. २६ जून १८९३ रोजी ब्रिटिश सरकारने मुंबई आणि कलकत्त्याच्या टांकसाळी खासगी चांदीसाठी बंद केल्या. सोनार किंवा सराफाने चांदी नेऊन द्यायची आणि रुपये पाडून घ्यायचे, ही जुनी सोय एका फटक्यात संपली. चांदीचा भाव काही दिवसांत कोसळला, कोलोराडोतल्या खाणी बंद पडल्या, जुलैत डेन्व्हरच्या बँका एकामागून एक बुडाल्या. अमेरिकेतली मंदी आधीच सुरू होती, त्यामुळे सगळा दोष टांकसाळींवर टाकता येणार नाही. पण फोर्टातल्या टांकसाळीचा दरवाजा बंद झाला आणि त्या वर्षी डेन्व्हरच्या रुग्णालयाकडे दिवा लावायलाही पैसा उरला नाही, हे एकाच साखळीतले दुवे आहेत.

मार्ग निघाला तो शहराबाहेरून. ब्नाय ब्रिथ या ज्यूंच्या देशव्यापी संघटनेने रुग्णालयाचा खर्च उचलायचं ठरवलं. नावात ‘नॅशनल’ आलं ते यामुळे : रोगी देशभरातून येतात, तर पैसाही देशभरातून यावा. १० डिसेंबर १८९९ रोजी दार उघडलं. खाटा ६०. पहिली रुग्ण मिनेसोटाहून आलेली एक स्वीडिश तरुणी होती. नाव ज्यू असलं तरी जात-धर्म विचारायचा नाही, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं. आणि ब्रीदवाक्य असं की ज्याला पैसे देता येतात त्याला आत प्रवेश नाही, आणि जो आत येतो त्याला पैसे देता येत नाहीत. धर्मादाय दवाखान्यात गरिबांसाठी काही खाटा राखून ठेवणं आपण पाहतो. इथे उलट होतं. इथे श्रीमंतालाच जागा नव्हती.

मात्र नियम कडक होते. रोग सुरुवातीच्या अवस्थेत असलेल्यांनाच प्रवेश आणि मुक्काम सहा महिन्यांचा. कागदावर ते बरोबरच दिसतं : खाटा मोजक्या, मग जे वाचण्याजोगे त्यांना आधी. पण सगळी पुंजी विकून, फुफ्फुसं पोखरलेल्या अवस्थेत डेन्व्हरला पोचलेल्या माणसाने जायचं कुठे? नियम पुढे सैल झाले, पण त्याआधीच १९०४ मध्ये डॉ. चार्ल्स स्पिव्हाक आणि पूर्व युरोपातून आलेल्या स्थलांतरित कामगारांनी शहराच्या दुसऱ्या टोकाला ‘ज्युईश कन्झम्प्टिव्ह्ज रिलीफ सोसायटी’ काढली. कोणत्याही अवस्थेतला रोगी चालेल, तंबूत ठेवू पण ठेवू, असा त्यांचा बाणा. पहिल्या संस्थेमागे जर्मन वळणाचे सुस्थित ज्यू होते, या संस्थेमागे शिवणकाम करणारे, फेरीवाले, कामगार संघटना. एकीकडे मोठ्या देणग्या, दुसरीकडे नाण्या-नाण्यांची वर्गणी. दोन्हींत कुरबुरी पुष्कळ झाल्या. माझं मन विचाराल तर ते तंबूंकडे ओढ घेतं. पण शंभर वर्षं टिकेल अशी प्रयोगशाळा उभी करायला मोठ्या देणग्याही लागल्याच.

उपचार म्हणजे काय होते? विश्रांती, हवा आणि अन्न. दूध, अंडी, लोणी, पुन्हा दूध. रोग्यांनी उघड्यावर झोपायचं, निदान डोकं तरी खिडकीबाहेर काढून. डेन्व्हरच्या थंडीत कानापर्यंत ब्लँकेट ओढून, चेहरा तेवढा बाहेर ठेवून माणसं रात्री काढत. आज ते वेडेपणाचं वाटतं. पण बेडका पाडायचा कुठे, थुंकी कशी जाळायची, भांडी वेगळी का ठेवायची ही शिस्त रोगी तिथे शिकले आणि घरी घेऊन गेले. औषध नसतानाच्या काळात हीसुद्धा मोठी रुग्णसेवा होती.

रुग्णांच्या मुलांचं काय, हा प्रश्न दोन्ही रुग्णालयांच्या दाराशी उभा होता. आई-बाप खाटेवर आणि पोरं रस्त्यावर. १९०७ मध्ये फॅनी लॉर्बर आणि त्यांच्या मैत्रिणींनी या मुलांसाठी एक निवारा काढला. पुढे क्षय कमी होत गेला आणि निवाऱ्यात येणाऱ्या मुलांत दमेकऱ्यांचं प्रमाण वाढलं. संस्थेने काळाची चाहूल ओळखली : १९५३ मध्ये तो दमेकरी मुलांचा आश्रम झाला आणि १९५७ मध्ये बालदम्याची संशोधनसंस्था. क्षयरोग्यांच्या पोरक्या मुलांसाठी मांडलेल्या चुलीवर पुढे काय शिजलं ते जरा थांबून सांगतो.

आधी औषधांचा उलटफेर. १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन सापडलं, १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं. आणि मग १९५६ मध्ये मद्रासमध्ये एक अभ्यास सुरू झाला. १९३ रोग्यांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं. निम्म्यांना सॅनेटोरियममध्ये खाट, पोटभर अन्न, विश्रांती. निम्म्यांना तीच औषधं, पण स्वतःच्या दाटीवाटीच्या घरात. वर्षाअखेर दोन्ही गटांचे निकाल जवळजवळ सारखे निघाले, घरातल्या माणसांनाही जास्तीचा धोका दिसला नाही. १९५९ मध्ये हे प्रसिद्ध झालं. अर्धपोटी राहणाऱ्या मद्रासच्या गल्ल्यांनी जगभरच्या सॅनेटोरियमांना सांगितलं की आता तुमच्या खाटांची गरज नाही. एकामागून एक सॅनेटोरियम ओस पडली. डेन्व्हरची ती दुसरी, तंबूंवाली संस्था १९५४ मध्येच कर्करोगाकडे वळली होती.

‘नॅशनल ज्युईश’ टिकलं, कारण तिथले लोक हवेवर विसंबून राहिले नव्हते, जंतूच्या मागे लागले होते. संशोधन विभागाचे प्रमुख होते गार्डनर मिडलब्रूक. क्षयाचा जंतू वाढवणं म्हणजे धीराची परीक्षा. तो आठवडे-आठवडे लावतो, आणि त्याला काय खायला घालायचं यावर सगळं अवलंबून. मिडलब्रूक आणि मॉरिस कोन यांनी त्याच्या वाढीसाठी जे पारदर्शक माध्यम बसवलं ते १९५८ पासून जगभर गेलं. त्याआधी, १९५४ मध्ये, मिडलब्रूक यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती : आयसोनियाझिडला दाद न देणाऱ्या जंतूंमधून कॅटालेज नावाचं विकर (एन्झाइम) बऱ्याचदा गायब झालेलं असतं. असं का, ते १९९२ मध्ये उलगडलं. कॅटजी हे जनुक त्या विकराचं. तेच गोळीतल्या औषधाला जागं करतं. जनुक बिघडलं की गोळी पोटात जाऊनही झोपलेलीच राहते. आज आपल्या जिल्हा क्षयरोग केंद्रात एलपीएचा, म्हणजे जंतू औषधाला दाद देतो का हे जनुकांवरून सांगणाऱ्या चाचणीचा, रिपोर्ट येतो, त्यात कॅटजीची ओळ असते. तिची सुरुवात त्या निरीक्षणात आहे.

आता मुलांच्या दमासंस्थेकडे. किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य १९६२ पासून तिथे काम करत होतं. ॲलर्जी असलेल्या माणसाच्या रक्तात ‘काहीतरी’ असतं आणि ते दुसऱ्याच्या त्वचेत टोचलं तर तिथेही गांधी उठते, हे १९२१ पासून माहीत होतं. पण ते ‘काहीतरी’ इतकं थोडं की कुणाच्या हाती लागेना. इशिझाकांनी रॅगवीड या तणाची ॲलर्जी असलेल्यांचं रक्तद्रव घेतलं, थर-थर वेगळे केले आणि प्रत्येक टप्प्यावर स्वतःच्या त्वचेत टोचून पाहिलं. १९६६ मध्ये त्यांनी ते वेगळं काढलं. स्वीडनच्या उप्सालात दुसऱ्या वाटेने तोच पदार्थ हाती आला आणि १९६८ मध्ये ॲलर्जी घडवणाऱ्या या प्रतिपिंडाचं नाव ठरलं : आयजीई.

घरात दमेकरी असेल तर हा शब्द तुम्हाला नवा नाही. आमच्याकडे फायलीत असे रिपोर्ट आहेत : ‘सीरम टोटल आयजीई’, पुढे आकडा, आणि तो जाड ठशात असेल तर रिपोर्ट आणणाऱ्याचा चेहरा उतरलेला. त्यातलं एक एकक म्हणजे जेमतेम २.४ नॅनोग्रॅम. इतकं कमी असलेलं द्रव्य त्या दोघांनी त्या काळच्या साधनांनी पकडलं, याचं मला अजूनही नवल वाटतं. पुढे २००३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं ओमॅलिझुमॅबचं इंजेक्शन याच आयजीईला धरून बसवतं. नुसत्या पंपाने ज्यांची धाप आटोक्यात येत नाही अशांपैकी काहींना ते लागू पडतं.

१९७८ मध्ये ही दमासंस्था ‘नॅशनल ज्युईश’मध्ये विलीन झाली. क्षयरोग्यांचं रुग्णालय आणि क्षयरोग्यांच्या मुलांचा निवारा अखेर एका छपराखाली आले. त्यानंतर फिलिपा मॅरॅक आणि जॉन कॅपलर यांनी तिथे टी-पेशींवर, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींवर, मूलभूत काम केलं. औषधांना न जुमानणाऱ्या क्षयाचे अवघड रोगी अमेरिकेच्या कानाकोपऱ्यातून तिथे पाठवले जाऊ लागले. नेमक्या चाचण्यांवरून औषधं निवडायची आणि गरज पडल्यास फुफ्फुसाचा पोखरलेला भाग शस्त्रक्रियेने काढायचा, ही पद्धत तिथे रुळली. दीर्घ आजाराच्या मुलांसाठी आवारातच विनामूल्य शाळाही चालवली गेली.

जुनं ब्रीदवाक्य आता शब्दशः लागू नाही. विमा आहे, बिलं आहेत, सरकारी संशोधन निधी आहे आणि देणग्या गोळा करणारा मोठा विभाग आहे. ‘प्रवेश फक्त गरिबालाच’ म्हणणारी संस्था बिल करू लागली, ही हळहळ मला वाटते आणि ती मी लपवणार नाही. अनेक मोठी संशोधनं देणगीच्या पैशावर पहिलं पाऊल टाकतात, हेही खरं. जो प्रयोग अजून कुणाला पटलेला नाही त्याला सरकारी अनुदान लगेच मिळत नाही.

मिडलब्रूक यांचं माध्यम मात्र अजून कामाला आहे. आपल्याकडच्या क्षयरोग प्रयोगशाळांत संशयित रुग्णाचा बेडका एमजीआयटीच्या नळीत घालतात. नळीतला पातळ द्रव म्हणजे ‘मिडलब्रूक ७एच९’ हे थोडं बदललेलं माध्यम. नळी यंत्रात ३७ अंशांवर ठेवली जाते. जंतू वाढला तर यंत्र खूण देतं. नाहीच वाढला, तरी ‘निगेटिव्ह’ लिहिण्याआधी ४२ दिवस वाट पाहतात.