तुरुंगाची याचिका वेगळी, कैद्याचा जामीन अर्ज वेगळा

करोनाकाळातल्या आर्थर रोड किंवा तळोजा तुरुंगाचा विषय निघाला की आजही कोणीतरी ठोकून देतं, "कोर्टात केस टाकली आणि सुटले." कुठली केस, हे कोणी विचारत नाही. ज्यांचं माणूस आत आहे, ती घरं मात्र या वाक्यावर आशा लावून बसतात. याचा मला मनस्वी राग येतो.

जामीन सगळ्यांना माहीत आहे: एक आरोपी, त्याचा अर्ज, त्याची कागदपत्रं. तुरुंगाच्या परिस्थितीवरची जनहित याचिका ही दुसरी केस. दोन्हीकडे कोर्ट तेच, वकीलही बरेचदा तेच. खरी गफलत होते ती मागणीत.

जनहित याचिका तुरुंग सुधारायला सांगते, दार उघडायला नाही. आर्थर रोडची तेव्हाची अधिकृत क्षमता 804 आणि करोना आला तेव्हा आत तिपटीहून जास्त माणसं. अशा बरॅकीत अंतर कसं पाळणार? एप्रिल 2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तुरुंगातल्या संसर्गाची स्वतःहून दखल घेतली. तिथे विषय होते चाचण्या, गर्दी, लस. आधार कार्ड नसलेल्या कैद्याला लस मिळणार का, हासुद्धा. फार मोलाचं काम ते. पण तुमच्या माणसाच्या नावाने सुटकेचा हुकूम त्यातून निघत नाही.

मग सुटले ते कसे? सर्वोच्च न्यायालयाच्या 23 मार्च 2020 च्या आदेशाने राज्यात उच्चाधिकार समिती नेमली गेली. तात्पुरत्या सुटकेला कोणते कैदी पात्र ते तिने ठरवलं. तात्पुरता जामीन कच्च्या कैद्याला, म्हणजे ज्याचा खटला अजून निकाली निघालेला नाही त्याला, कोर्टाकडूनच घ्यावा लागला, आणि यूएपीए (दहशतवादविरोधी कायदा), मकोका (संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा) यांचे आरोपी वगळलेलेच होते.

उपचाराचा आदेश म्हणजेही सुटका नव्हे. एल्गार परिषद प्रकरणातले आरोपी, वृद्ध पाद्री स्टॅन स्वामींना मे 2021 मध्ये उच्च न्यायालयाने वांद्र्याच्या होली फॅमिली रुग्णालयात हलवायला लावलं, तेव्हा "सुटले" म्हणणारे होतेच. ते कोठडीतच होते. जामिनाचं अपील प्रलंबित असताना 5 जुलैला तिथेच त्यांचं निधन झालं.

त्याच प्रकरणातले आरोपी, कवी वरवरा राव यांना 22 फेब्रुवारी 2021 ला सहा महिन्यांचा जामीन मिळाला, तो त्यांचं वय, त्यांचे आजार आणि तळोजाच्या दवाखान्याची अवस्था एकत्र पाहून. गर्दीचा मुद्दा असा एका माणसाच्या प्रकृतीला जोडावा लागतो. म्हणून अर्जात "आत करोना आहे" एवढंच लिहू नका. जुने केसपेपर, चालू औषधांची यादी जोडा आणि तुरुंगाच्या डॉक्टरांचा ताजा अहवाल मागवण्याची विनंती त्याच अर्जात करा.