कासा स्वयंसेवक

कासा म्हणजे कोर्ट अपॉइंटेड स्पेशल ॲडव्होकेट. अमेरिकेत छळ किंवा हेळसांड झाली म्हणून आईवडिलांपासून काढून फॉस्टर केअरमध्ये, म्हणजे तात्पुरतं दुसऱ्या कुणाच्या देखभालीत, ठेवलेल्या मुलाचं हित कोर्टापुढे मांडायला जजने नेमलेला, बिनपगारी, ट्रेनिंग घेतलेला साधा नागरिक. हा वकील नसतो आणि मूल सांभाळणारा फॉस्टर पालकही नसतो, हे दोन घोळ नेहमी होतात.

सुरुवातीचं श्रेय बहुतेक ठिकाणी सिएटलचे जज डेव्हिड सूकप यांना देतात, साल १९७७. पुरेशी माहिती हातात नसताना मुलांचं भवितव्य ठरवावं लागतं ही त्यांची अडचण होती. पण एवढ्यावर गोष्ट अर्धीच राहते, कारण त्याआधी १९७४ च्या कॅप्टा या मुलांचा छळ रोखण्याच्या फेडरल कायद्याने राज्यांना अट घातली होती की अनुदान हवं तर अशा प्रत्येक केसमध्ये मुलासाठी गार्डियन ॲड लायटम, म्हणजे त्या केसपुरता पालक, नेमायचाच, आणि तो वकीलच हवा असं काही म्हटलं नव्हतं. कायद्याने जागा करून दिली आणि तिथे सामान्य माणसं बसवायची कल्पना सिएटलची, असं मानणं जास्त बरोबर वाटतं. पहिल्या वर्षी ११० स्वयंसेवक, ३७६ केसेस आणि ४९८ मुलं असे आकडे दिले जातात. राष्ट्रीय संघटना १९८२ च्या सुमारास उभी राहिली. गार्डियन ॲड लायटम वकील असेल, कासा असेल किंवा दोघंही असतील, हे कायद्यात स्पष्ट आलं ते १९९६ च्या दुरुस्तीत, म्हणजे तोवर सगळं कायदा गप्प होता म्हणून चाललं होतं.

राज्याराज्यात पद्धत वेगळी. नॉर्थ कॅरोलायनात स्वयंसेवकाच्या जोडीला वकील असतो आणि तिथे कासा हे नावही वापरत नाहीत. मुख्य फरक असा की वकील बऱ्याच ठिकाणी मुलाला काय हवंय ते मांडतो आणि कासा मुलाच्या भल्याचं काय ते. दोन्ही जुळलं नाही तर कासाने जजला द्यायच्या रिपोर्टमध्ये मुलाचं म्हणणंही लिहायचं असतं.

ट्रेनिंग साधारण ३० तासांचं, मग जजसमोर शपथ. सोशल वर्करकडे ढीगभर केसेस असतात, कासाकडे एक किंवा दोन, आणि खरी ताकद इथेच आहे. चष्मा सांगितला होता तो अजून आला नाही, भावाशी ठरलेली भेट परत रद्द झाली, घर बदललं तशी शाळाही बदलली आणि गणित मागे पडलं, असल्या गोष्टी सुनावणीआधी जजच्या टेबलावर पोचतात त्या या रिपोर्टमुळे. वेळही महत्त्वाची, कारण १९९७ च्या कायद्याप्रमाणे २२ पैकी १५ महिने मूल फॉस्टर केअरमध्ये राहिलं की काही अपवाद सोडता राज्याला आईवडिलांचे हक्क संपवायचा अर्ज करावा लागतो.

परिणामांबद्दल एकमत नाही. टेक्सासच्या मुलांवरच्या २०२० च्या अभ्यासात कासा असलेली मुलं आईवडिलांकडे परतण्याचं प्रमाण कमी दिसलं. अवघड केसेसनाच कासा मिळतो असं समर्थक म्हणतात, पण त्या अभ्यासात तो फरक जमेल तेवढा धरलेला होता. मध्यमवर्गीय गोरे स्वयंसेवक गरीब कृष्णवर्णीय घरांना आपल्या मापाने मोजतात ही टीका जास्त गंभीरपणे घ्यायला हवी.

भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्यात फॉस्टर केअर आहे आणि निर्णय बाल कल्याण समिती घेते. कासाच्या जवळ जाणारी म्हणजे पोक्सोच्या २०२० च्या नियमांतली सपोर्ट पर्सन, म्हणजे तपास आणि खटला चालू असताना मुलाला मदत करणारी व्यक्ती, पण तीही लैंगिक अत्याचाराच्या केसपुरती.