काम न करू शकणाऱ्या माजी सैनिकांचे अपंगत्व निवृत्तिवेतन : पात्रता, कागदपत्रे आणि अपील

दुखापत किंवा आजारामुळे ‘बोर्ड आउट’ होऊन, म्हणजे मेडिकल बोर्डाने सेवेस अक्षम ठरवून बाहेर काढल्यामुळे, जवान गावी परतला की घरात पहिला प्रश्न निघतो तो असा, की आता याच्याने काम होणार नाही, तर सरकार काय देणार. नियमांचा क्रम मात्र वेगळा आहे. काम होते की नाही, हे तिथे फार उशिरा विचारले जाते. आधी पाहिले जाते ते हे, की अपंगत्व सैनिकी सेवेमुळे आले का, किंवा सेवेमुळे बळावले का, आणि ते किती टक्के आहे. या दोन प्रश्नांची उत्तरे सेवेतून बाहेर पडतानाच्या मेडिकल बोर्डाच्या कागदावर लिहिली जातात, आणि पुढची बहुतेक भांडणे त्या कागदावरच्या एखाद्या ओळीवरून होतात.

अपंगत्व निवृत्तिवेतनाचे दोन भाग असतात. सेवेचा भाग म्हणजे शेवटच्या हिशेबपात्र वेतनाच्या ५० टक्के रक्कम, आणि अपंगत्वाचा भाग म्हणजे १०० टक्के अपंगत्वाला त्याच वेतनाच्या ३० टक्के, कमी अपंगत्वाला त्या प्रमाणात कमी. हिशेबपात्र वेतनात मूळ वेतनाबरोबर मिलिटरी सर्व्हिस पे, म्हणजे सैनिकी सेवेसाठी मिळणारी जादा रक्कम, हाही धरला जातो. अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्या आणि अपंगत्व सेवेशी जोडलेले ठरलेल्या जवानाला सेवेचा भाग मिळण्यासाठी किमान सेवेची अट नाही, त्यामुळे चार वर्षांत जायबंदी झालेला नियमित जवानही पात्र ठरतो. आकारमानाचा अंदाज यावा म्हणून हिशेबपात्र वेतन ४६,००० रुपये धरू. सेवेचा भाग २३,००० रुपये होईल आणि १०० टक्के अपंगत्वाचा भाग १३,८०० रुपये. यावर महागाई सवलत वेगळी मिळते. शत्रूच्या कारवाईत आलेल्या अपंगत्वासाठी युद्धजखम निवृत्तिवेतन आहे. त्यात सेवेतून काढलेल्या १०० टक्के अपंग जवानाला जखमेचा भाग म्हणून पूर्ण हिशेबपात्र वेतनाइतकी रक्कम मिळते, म्हणजे याच उदाहरणात २३,००० अधिक ४६,०००.

टक्केवारी ठरवताना ‘ब्रॉडबँडिंग’ नावाची पद्धत लागू होते. पात्र अपंगत्व ५० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर ते ५० धरले जाते, ५० ते ७५ मध्ये असेल तर ७५, आणि ७६ किंवा त्याहून जास्त असेल तर १००. आरंभी हा लाभ फक्त अपंगत्वामुळे सेवेतून काढलेल्यांना होता. १० डिसेंबर २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने राम अवतार प्रकरणात तो मुदत पूर्ण करून निवृत्त झालेल्यांनाही लागू केला. मुदत पूर्ण करून बाहेर पडणाऱ्याचे अपंगत्व २० टक्क्यांच्या खाली नोंदले गेले, तर मात्र अपंगत्वाचा भाग मिळतच नाही. अपंगत्वामुळे बाहेर काढलेल्याबाबत न्यायालयाने सुखविंदर सिंह प्रकरणात २०१४ मध्येच वेगळी भूमिका घेतली : ज्या अपंगत्वामुळे माणसाला सेवेतून काढावे लागले, ते २० टक्क्यांपेक्षा कमी मानता येत नाही. स्वेच्छेने सेवा सोडणाऱ्यांनाही अपंगत्वाच्या भागावर हक्क सांगता येतो. सेवेत कायम ठेवलेल्या ज्या जवानाने अपंगत्वापोटी एकरकमी भरपाई घेतली आहे, त्याला मात्र निवृत्तीनंतर त्याच अपंगत्वाचा मासिक भाग मागता येत नाही.

बोर्डाने अपंगत्व सेवेशी जोडलेले नाही असे लिहिले, तर सेवेतून काढलेल्याचे प्रकरण ‘इनव्हॅलिड पेन्शन’कडे, म्हणजे सेवेशी संबंध नसलेल्या अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाकडे जाते, आणि ‘काम करता येत नाही’ हा मुद्दा नियमांत खऱ्या अर्थाने येतो तो इथेच. पूर्वी या निवृत्तिवेतनासाठी किमान दहा वर्षांची सेवा लागत असे, आणि त्याहून कमी सेवा असलेल्याची बोळवण ग्रॅच्युइटीवर होई. संरक्षण मंत्रालयाच्या १६ जुलै २०२० च्या पत्राने ही अट काढली, पण दोन मर्यादा घातल्या : संबंधित व्यक्ती ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असली पाहिजे, आणि ती सैनिकी सेवेसाठीच नव्हे तर नागरी नोकरीसाठीही कायमची अक्षम ठरली पाहिजे. दुसरी मर्यादा कडक आहे. ज्याला बंदूक घेऊन डोंगर चढता येत नाही, त्याला टेबलावर बसून नोंदी करता येतील, असे बोर्ड म्हणू शकते. म्हणून दहा वर्षांपेक्षा कमी सेवेच्या जवानाने नागरी कामाबद्दलचा बोर्डाचा अभिप्राय नेमका काय आहे, तो वाचूनच पुढचे पाऊल टाकावे. सेवेशी जोडलेल्या अपंगत्वाला ही कसोटी लागत नाही. त्या जवानाला पुढे नोकरी मिळाली किंवा त्याने दुकान टाकले, तरी त्याचे अपंगत्व निवृत्तिवेतन थांबत नाही, ही गोष्ट गावोगावी उलटी सांगितली जाते.

१०० टक्के अपंगत्व असून रोजच्या व्यवहारांसाठी दुसऱ्यावर पूर्णपणे अवलंबून असलेल्या निवृत्तिवेतनधारकाला ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’, म्हणजे सतत सोबत लागणाऱ्या मदतनिसासाठीचा भत्ता, मिळतो. १ जुलै २०१७ पासून त्याचा दर महिना ६,७५० रुपये करण्यात आला. तो आपोआप सुरू होत नाही, त्याला मेडिकल बोर्डाची शिफारस लागते. पाठीच्या कण्याला इजा झालेल्यांच्या घरी हा भत्ता राहून गेल्याचे प्रकार घडतात, कारण निवृत्तिवेतन सुरू झाले म्हणजे सगळे झाले असे मानले जाते.

आता कागदपत्रांकडे वळू. सेवेतून काढताना इनव्हॅलिडिंग बोर्ड बसते आणि मुदत संपल्यावर बाहेर पडताना रिलीज बोर्ड. दोघांचे निष्कर्ष ‘ए.एफ.एम.एस.एफ. १६’ या नमुन्यावर नोंदले जातात. सही करण्यापूर्वी जवानाने त्यात तीन गोष्टी पाहाव्यात : प्रत्येक आजार किंवा जखम वेगळी नोंदली आहे का, तिच्यापुढे सेवेशी संबंध मान्य केला आहे की नाकारला आहे, आणि नाकारला असेल तर कारण लिहिले आहे का. जखमेच्या बाबतीत ‘आय.ए.एफ.वाय. २००६’ हा जखम अहवाल आणि चौकशी झाली असेल तर कोर्ट ऑफ इन्क्वायरीचा निष्कर्ष हे सर्वांत वजनदार पुरावे ठरतात, कारण घटनेच्या वेळी जवान कर्तव्यावर होता की नाही हे त्यांतूनच सिद्ध होते. याशिवाय डिस्चार्ज बुक, पीपीओ (निवृत्तिवेतन मंजुरीचा आदेश), सैनिकी रुग्णालयांत दाखल झाल्याचे व तिथून घरी सोडल्याचे कागद, आधार, पॅन आणि बँक पासबुक लागते.

बाहेर पडतानाच दावा उभा राहिला असेल, तर तो रेकॉर्ड ऑफिसमार्फत, म्हणजे जवानाची सेवा कागदपत्रे सांभाळणाऱ्या रेजिमेंटच्या कार्यालयामार्फत, प्रयागराजच्या प्रधान संरक्षण लेखा नियंत्रक (निवृत्तिवेतन) कार्यालयाकडे जातो, आणि मंजुरी व वितरण ‘स्पर्श’ या संगणकीय प्रणालीवर होते. उशिरा दावा करणाऱ्याने आपल्या रेकॉर्ड ऑफिसला लेखी अर्ज करावा. मराठा लाइट इन्फंट्रीचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावात, बॉम्बे सॅपर्सचे खडकीत आणि महार रेजिमेंटचे मध्य प्रदेशातील सागर येथे आहे. नौदलातील नौसैनिकांसाठी मानखुर्दचे नेव्हल पेन्शन ऑफिस आहे. बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत जवळ नसेल, तर दहा रुपये शुल्क भरून माहिती अधिकारात ती मागता येते. ज्यांना निवृत्तिवेतन मिळत नाही, त्यांची सेवा कागदपत्रे पंचवीस वर्षांनंतर नष्ट केली जातात, त्यामुळे जुन्या प्रकरणांत हा अर्ज सर्वांत आधी करावा.

दावा फेटाळला गेल्यास नकाराचे पत्र मिळाल्यापासून सहा महिन्यांत पहिले अपील करता येते. तेही फेटाळले गेले, तर पुन्हा सहा महिन्यांत दुसरे अपील करता येते. अपिलात ‘माझी परिस्थिती हलाखीची आहे’ एवढेच लिहिणारे अनेक जण दिसतात. वाचणाऱ्या समितीला त्यातून काही हाती लागत नाही. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नव्हती, लक्षणे कोणत्या ठिकाणच्या नेमणुकीत आणि कोणत्या महिन्यात सुरू झाली, आणि बोर्डाने संबंध नाकारताना कोणते कारण दिलेले नाही, हे तारखांसह मांडावे. यानंतरचा मार्ग सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचा, म्हणजेच एएफटीचा आहे. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबई खंडपीठ आहे. तिथे धरमवीर सिंह प्रकरणातील २०१३ चा निकाल वारंवार मांडला जातो : भरतीच्या वेळी नोंद नसेल तर जवान निरोगी होता असे गृहीत धरावे, आणि आजाराचा सेवेशी संबंध नाही हे सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकू नये. हा निकाल १९८२ च्या नियमांवर आधारलेला आहे. २१ सप्टेंबर २०२३ पासून नवे नियम लागू झाले आहेत, तेव्हा त्यानंतर बाहेर पडलेल्यांनी आपल्या प्रकरणाला कोणते नियम लागतात, ते वकिलाकडून आधी स्पष्ट करून घ्यावे. उशिराने न्यायाधिकरणात गेल्यास हक्क मान्य झाला तरी थकबाकी साधारणतः अर्जापूर्वीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. २००८ च्या तरसेम सिंह निकालापासून हा दंडक आहे.

अग्निवीरांना यातले काहीच लागू होत नाही. त्यांना सेवेमुळे आलेल्या १००, ७५ किंवा ५० टक्के अपंगत्वासाठी अनुक्रमे ४४, २५ किंवा १५ लाख रुपयांची एकरकमी भरपाई आहे, मासिक निवृत्तिवेतन नाही.

निवृत्तिवेतन मंजूर झाल्यावर हयातीचा दाखला दरवर्षी ‘स्पर्श’वर द्यावा लागतो. कायमचे ठरवलेले टक्के जवानाने स्वतः मागणी केल्याखेरीज पुन्हा तपासले जात नाहीत. प्रकृती खालावली असेल, तर फेरतपासणीसाठी रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करता येतो. कोणतेच निवृत्तिवेतन नसलेल्या आणि नियमित उत्पन्न नसलेल्या ६५ वर्षांवरील माजी सैनिकांना केंद्रीय सैनिक बोर्डाचे निर्वाह अनुदान मिळू शकते. १ नोव्हेंबर २०२५ पासूनच्या अर्जांना त्याचा दर महिना ८,००० रुपये आहे. हा अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत केला जातो, आणि वरचे सगळे कागद क्रमाने लावून घेण्यासाठीही पहिली फेरी तिथेच मारावी.