गुहागरची पुळण (सातारा-सांगलीकडून)

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर गावाच्या पश्चिमेला पाच-सहा किलोमीटर सलग वाळूचा किनारा आहे. कोकणात अशा पट्ट्याला पुळण म्हणतात. सातारा-सांगलीकरांना समुद्र गाठायची ही सरळ वाट, कारण विजयपूर–जत–विटा–कराड–पाटण–चिपळूण हा राष्ट्रीय महामार्ग १६६-ई गुहागरलाच संपतो. गावातील व्याडेश्वर हे अनेक चित्पावन घराण्यांचे कुलदैवत असल्याने वाई-सांगलीकडची माणसे पूर्वीपासून इथे येतात.

साताऱ्याहून निघालेल्यांनी उंब्रजला वळून मल्हारपेठमार्गे पाटण गाठावे, सांगलीकरांनी कराडवरून यावे. कराड ते चिपळूण सुमारे १०० किमी, पुढे गुहागर ४५. कोयनाकाठाने चढलेला रस्ता कुंभार्ली घाटातून कोकणात उतरतो. कोयनेचे पाणीही घाट उतरतेच: पोफळीच्या वीजगृहातून ते वाशिष्ठीत येते आणि दाभोळच्या खाडीतून, अंजनवेलजवळ समुद्राला मिळते. जुलै-ऑगस्टमध्ये घाटात धुके आणि दरडी, समुद्रही खवळलेला. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम.

भरतीची वेळ काढायला पंचांग पुरते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा अंदाजे तास मिळतो. चतुर्थीला ४ × ¾ = ३, म्हणजे तीनच्या सुमारास भरती आणि नऊच्या सुमारास ओहोटी, दिवसा तशीच रात्री. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी फार वर चढते आणि तितकेच मागे हटते. अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, ती मवाळ.

घाटावरून येणाऱ्यांचा सर्वांत मोठा धोका म्हणजे नदीवर कमावलेला पोहण्याचा आत्मविश्वास. लाटांनी किनाऱ्याशी आणलेले पाणी परत जाताना वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट भागातून जोराने आत ओढले जाते. तिथे लाटा फुटत नाहीत. दोन्ही बाजूंना पांढरा फेस आणि मधला पट्टा सपाट, गढूळ दिसतो. नवखा माणूस नेमका तोच शांत पट्टा निवडतो. ओढ लागली की समोरच्या किनाऱ्याकडे हात मारत राहतो, दमतो आणि बुडतो. खरे तर कृष्णेत पोहणाऱ्याला उपाय ठाऊक असतो: प्रवाहाशी भांडायचे नाही, तो आडवा कापायचा. फक्त या प्रवाहाचा काठ समोर नसून बाजूला आहे, हे ध्यानात येत नाही. आधी पाठीवर तरंगून दम घ्यावा, एक हात वर करून मदत मागावी. मग किनाऱ्याला समांतर पोहत फेसाच्या पट्ट्यात यावे आणि लाटांबरोबर बाहेर पडावे. ओहोटीत ही ओढ वाढते. पोहता येत असो वा नसो, कमरेच्या पुढे जाऊ नये. बुडणाऱ्यामागे उडी घेण्यापेक्षा दोर, रिकामा कॅन किंवा फुगवलेली ट्यूब फेकावी.

पुळणीच्या वरच्या अंगाला वाळूचे उंचवटे आणि सुरूचे बन आहे. वाऱ्याने उडालेली कोरडी वाळू मर्यादवेलीत अडकते, वेल तिच्यावरून पुढे पसरते, आणि थर चढत जातो. समुद्राने मर्यादा ओलांडू नये म्हणून ही वेल, अशी नावामागची समजूत आहे. तुडवून वेल मेली की वाळू मोकळी होते आणि उधाणाच्या लाटा थेट वाडीपर्यंत पोचतात. त्यामुळे मळलेल्या पायवाटेनेच उतरावे.

गाडी वाळूवर नेऊच नये. रुतलीच तर अॅक्सिलरेटर दाबत राहिल्याने चाक आणखी खोल जाते. माणसे उतरवावीत, चाकापुढची वाळू उपसावी, चारही टायरांतली थोडी हवा सोडावी, चाकांखाली फळ्या किंवा झावळ्या घालाव्यात आणि सावकाश बाहेर काढावी. भरती चढत असेल तर आधी गावातून ट्रॅक्टर बोलवावा. हिवाळ्यात इथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात, आणि गाडीखाली वाळू दबली की घरटीही जातात.

राहायला घरगुती सोय मिळते. उकडीचे मोदक हवे असल्यास सकाळीच सांगावे लागते.

वाळूची खरीखुरी टेकडी पाहायची असेल, तर धोपाव्याहून फेरीबोटीने गाडीसह दाभोळला उतरून दापोलीमार्गे केळशी गाठावी. ती टेकडी भारजा नदीच्या मुखाशी आहे.