आइसलँडची राख आणि आइसलँडची धूळ

एप्रिल 2010 मध्ये आइसलँडमधील एयाफ्यात्लायोकुत्ल ज्वालामुखीच्या राखेने युरोपातील विमानसेवा जवळजवळ आठवडाभर ठप्प केली. तेव्हापासून त्या बेटावरून समुद्राकडे निघालेला करडा पट्टा उपग्रहाच्या छायाचित्रात दिसला, की तो राखेचाच असावा असे सहज वाटते. प्रत्यक्षात तो पुष्कळदा धुळीचा असतो आणि त्या वेळी एकही ज्वालामुखी जागा नसतो.

मुळात ‘राख’ हा शब्दच फसवा आहे. चुलीत उरते ती जळणाची राख. ज्वालामुखीची राख मात्र काही जळून उरत नाही, तर उद्रेकात शिलारस फुटून क्षणार्धात थिजल्यामुळे तयार झालेले काचेचे आणि खडकाचे बारीक, धारदार कण म्हणजे ही राख. उद्रेकाचा जोर तिला कित्येक किलोमीटर उंच फेकतो आणि उद्रेक शमला की तिचा पुरवठाही आटतो.

धुळीला उद्रेक लागत नाही. हिमनदी सरकताना तळचा खडक पिठासारखा दळत जाते. हे पीठ वितळलेल्या पाण्याबरोबर वाहत येऊन सपाट मैदानांवर पसरते, पाणी ओसरल्यावर सुकते आणि मग जोराचा वारा ते उचलून नेतो. वात्नायोकुत्ल या विशाल हिमनदीच्या उत्तरेचे डिंग्युसांदुर हे अशा मैदानांपैकी एक. वाळवंट म्हटले की आपल्यासमोर तापलेला सहारा उभा राहतो, पण धुळीला उष्णता नव्हे, तर कोरडी, उघडी जमीन आणि वारा हवा असतो. म्हणूनच बर्फाने न झाकलेल्या जागी ती हिवाळ्यातही उडते. आइसलँडमध्ये वर्षातले सरासरी सुमारे 135 दिवस कुठे ना कुठे धूळ उडते, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. ती सहसा राखेइतकी उंच जात नाही, तरी ग्रीनलँड, स्वालबार्ड आणि ब्रिटिश बेटांपर्यंत पोहोचते. सहाराच्या फिकट धुळीहून ती गडद असल्यामुळे तिचा पातळ थरही बर्फाला अधिक ऊन शोषायला लावतो आणि वितळण्याचा वेग वाढवतो. थर जाड असेल, तर मात्र तो उलट बर्फावर पांघरुणासारखा बसतो.

केवळ कण तपासून दोहोंचा निवाडा करणे अवघड आहे, कारण आइसलँडच्या धुळीतही ज्वालामुखीय काच भरपूर असते. शिवाय 2010 च्या उद्रेकात जमिनीवर पडलेली राख पुढच्या महिन्यांत वाऱ्याने पुन्हा उडाली, म्हणजे एप्रिलमध्ये जो कण राख होता, तोच नंतर धूळ झाला.